पाच दिवसांचा दिग्दर्शक

त्याच्या कुठल्याही सिनेमात बारा महिने चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, असते. नायिका लग्न होऊन घरात येते तेव्हा तिच्या डोक्यावर माटोळी टांगलेली असते. तिला मूल होतं तेव्हाही ती तिथंच असते, आणि पुढे ते मूल मोठं होऊन कॉलेजला जायला निघतं तेही सुपारीच्या त्याच घोसाखालून वाकून जातं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, चिबूड, अंबाडे, रानातली फळं नि वेली बांधायच्या, ही आमच्याकडची रीत. तीच माटोळी. ती गणपतीबरोबर चढते आणि गणपतीबरोबर उतरते. आमच्या डायरेक्टरच्या सिनेमात मात्र ती भर वैशाखातही असायची. एका सिनेमात बाहेर रणरणतं ऊन आहे हे कळावं म्हणून नायक घाम पुसत आत येतो आणि म्हणतो, "काय हो उकाडो!" त्याच्या मागच्या खिडकीत पाऊस धो धो कोसळत असतो.

"पाऊस दिसता रे," मी कॅमेऱ्यामागून म्हटलं होतं.

"बघणाऱ्यान नायकाकडे बघूचां," तो म्हणाला. "पावसाक कोणे काम दिल्लां?"

डिचोलीतल्या एका लहानशा पतसंस्थेत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. मी शिरगावचा, तो पेडण्यातल्या चोपड्याचा. रोज स्कूटरनं यायचा, हेल्मेट टेबलावर उपडं न ठेवता उताणं ठेवायचा, आणि दिवसभर त्यात पेन, चष्मा, केळी, दुपारचा उरलेला पाव असं काहीबाही साठवायचा. कचेरीत त्याचं नाव हजेरीपटापुरतंच होतं. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला डायरेक्टर म्हणायचे. यात थोडी अडचण होती, कारण संस्थेला खरेखुरे डायरेक्टरही होते. त्यांच्या सभेच्या दिवशी शिपाई पहिला चहा ह्याच्यापुढे आणून ठेवायचा. तो कपाळावर एक आठी न पाडता तो पिऊन टाकायचा.

त्याचं व्हिजिटिंग कार्ड होतं. त्यावर 'स्वतंत्र कौटुंबिक दिग्दर्शक' असं छापलेलं होतं. मी एकदा विचारलं, "स्वतंत्र म्हणजे काय रे?"

"म्हणजे पिक्चर काढ म्हणान माका कोणच सांगणा नाय."

यात तो खोटं बोलत नव्हता. उलट काढू नको म्हणून सांगणारे पुष्कळ होते आणि त्यांत पहिला नंबर त्याच्या बायकोचा होता. बाकी स्वातंत्र्य बेताचंच होतं. पुतण्यांना सुट्टी मिळायला हवी, भटजींनी पूजा वेळेत आटपायला हवी, वीज जाता कामा नये, आणि वहिनींनी, म्हणजे ह्याच बायकोनं, खतखत्याच्या भाजीचं टोप चुलीवरून उतरवून स्वतःचा रोल करायला बाहेर यायला हवं. कारण नायिका त्याच होत्या. लग्न होऊन घरात येणारी नवी नवरी त्यांनी वयाच्या पंचेचाळिशीत केली, तीही हाताला लागलेलं पीठ तसंच ठेवून.

इतर दिग्दर्शक कुटुंबासाठी सिनेमे काढतात, हा कुटुंबाचाच काढायचा. आणि त्याचं कुटुंब वर्षातून एकदाच एके ठिकाणी जमायचं. थोरला भाऊ डिचोलीकडे, मधला वास्कोला, बहीण सावंतवाडीला दिलेली, पुतणे कुठं कुठं नोकऱ्यांना. चवथीला सगळे चोपड्याच्या घरी. आमच्याकडे एका कुळाचा गणपती एकच. तुम्ही कुठंही फ्लॅट घ्या, बंगला बांधा, चवथीला मूळ घरात येऊन त्याच्यापुढे वाकायचं. त्यामुळे नटमंडळी आयतीच हजर व्हायची. अडचण एवढीच होती की त्यांच्या घरचा गणपती मुळात दीड दिवसाचा. दीड दिवसात पूजा, आरत्या, पंगती, झोपा आणि वर तीन अंकी कौटुंबिक कथा उरकायची म्हणजे देवालाही जमलं नसतं.

पहिल्याच वर्षी हा गणपतीपुढे सगळ्यांच्या देखत हात जोडून नवस बोलला. पिक्चराला यश दे, पुढच्या वर्षीपासून तुला पाच दिवस ठेवतो. पुढच्या वर्षी गणपती पाच दिवस राहिला. आता यश कसलं आलं म्हणाल, तर सिनेमा पुरा झाला, हेच यश. नवस एकदा बोलला गेला की तो मोडायची कुणाची छाती होत नाही. एकदा वाढवलेले दिवस कमी करायचे म्हणजे देवाला दार दाखवल्यासारखंच. थोरला भाऊ नुसता हसला. मधल्यानं नाक मुरडलं. वहिनींनी मात्र माझ्यासमोरच त्याला ऐकवलं, "तुझो पिक्चर दोन तासांत सोपता. माझी भांडी पाच दिस सोपणत नाय."

मी त्याचा कॅमेरामन कसा झालो, हेही याच पाच दिवसांमुळे. मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. "म्हणजे तिसऱ्या दिसापासून तू मोकळो," तो म्हणाला. "मोकळो मनीस मेळणां कठीण. फोटो काय, कोणय काढता." त्याची निवड सगळीच अशी होती. ज्याला वेळ असेल तो गुणी.

कचेरीतही तो उरलेले दिवस नुसता कारकून कधीच नव्हता. खातेदार सही करायला वाकला की हा निरखून बघायचा आणि सही झाली की म्हणायचा, "वन मोर." बिचारा खातेदार पुन्हा करायचा. स्कूटरच्या डिकीत कायम एक पांढरी चादर असायची, उजेड परतवायला. मॅनेजर रागावून बोलत असले तर त्यांचं बोलणं पुरं होऊ द्यायचा आणि मग अगदी नम्रपणे सांगायचा, "साहेब, मातशे उजवीकडे सरा. नाकाची सावळी पडता." दुसऱ्या कुणाचा सिनेमा तो चुकूनही बघायचा नाही. बघितलं की आपल्यात उतरतं, असं त्याचं म्हणणं. त्याचे सिनेमे बघून मला वाटायचं की थोडंफार उतरलं असतं तर बरं झालं असतं.

एक नियम मात्र त्यानं जिवापाड पाळला. तो स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर आला नाही. नटांची इतकी चणचण, एकदा तर शेजारच्या आजोबांना दोन वेगळ्या माणसांचं काम करावं लागलं, पण हा नाही म्हणजे नाही. मी एकदा फारच गळ घातली तर म्हणाला, "डायरेक्टर म्हणजे वाढपी. वाढपी पंगतीत बसलो तर लोकांच्या पानात काय पडतलां?" खरोखरच्या पंगतीतही तो असाच होता. सगळ्यांची पानं उठेपर्यंत भाताचं भांडं घेऊन फिरायचा, आणि मग पाठीमागच्या पडवीत एकटा जेवायचा.

घरात गणपती असताना शूटिंग, म्हणजे त्याचे म्हणून काही कायदे आलेच. पाच दिवस मासळी नाही. ह्यानं एका वर्षी लिहिली मासे विकणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. चोपडं नदीकाठी, होड्या दारात, सगळं जमण्यासारखं. फक्त त्या घरात अख्ख्या सिनेमाभर एकदाही मासळी शिजत नाही. मासेवाली दिवसभर मासे विकून दमून घरी येते आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाते. चोपड्याच्या लोकांनी देवळाच्या मंडपात हा सिनेमा बघितला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अगो, एक बांगडो तरी ठेवचो होतंस गे आपल्याक!" सगळा मंडप फुटला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

दुसरा कायदा त्याहून अवघड होता. गणपतीसमोर कुणी मरायचं नाही. घरातल्या बायकांनी एकमुखानं सांगितलं, "देवापुढे मड्याचां सोंग? तुझां डोकां बरां आसा मां?" आता कौटुंबिक सिनेमा आणि त्यात कुणी मरायचं नाही, म्हणजे गोष्ट पुढे सरकणार कशी? ह्यानं तोडगा काढला. त्याच्या सिनेमात ज्याची मरायची वेळ येई तो लंडनला जाई. आमच्याकडे अर्धा गाव पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेलेला, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. म्हातारा सासरा खोकत खोकत उठतो, सुनेच्या डोक्यावर हात ठेवतो, पिशवी घेतो आणि लंडनला जातो. मग घरची माणसं रडतात. तेवढं रडणं चालायचं. परदेशी जाणाऱ्या माणसासाठी रडलेलं देवालाही खटकत नसावं.

लंडन आम्ही मोरजीला घेतलं. किनाऱ्यावर एक रशियन पाहुणा मिळाला. डायरेक्टरनं त्याला स्वतःच्या लग्नातला टाय बांधला आणि एका शॅकच्या भिंतीला उभा केला. तो म्हाताऱ्याचा मालक. त्याला एकच वाक्य होतं, "गुड वर्क." ते त्यानं अशा सुरात म्हटलं की म्हातारा दचकून दोन पावलं मागे सरला. भिंतीच्या उजवीकडे समुद्र होता, डावीकडे माड. त्या मधल्या वीतभर जागेत आमचं लंडन बसलं. "नाकाच्या रेषेत धर," तो मला सांगत होता. "इकडे तिकडे झालंस तर गोंय येतलां."

माटोळीचे हाल तर विचारू नका. पहिल्या दिवशी हिरवी असलेली केळी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पडायची, त्यामुळे कुठला प्रसंग आधी घेतला नि कुठला नंतर, हे केळ्यांवरून कुणालाही कळायचं. एकदा नवरा बायकोला घर सोडून जायला सांगतोय आणि वरचा पिकलेला चिबूड फाटकन सुटून त्याच्या टाळक्यावर पडला. नवरा म्हणजे मधला पुतण्या, तो तसाच चिबडाच्या बियांसकट संवाद म्हणत राहिला. डायरेक्टरनं तो भाग ठेवला. म्हणाला, "बायलेक घराभायर काढणाऱ्याच्या डोक्यार देव काय फुलां घालतलो?"

पणजीच्या एका लहानशा महोत्सवात त्याचा एक सिनेमा निवडला गेला तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच धक्का बसला. आम्ही कचेरीतून चौघं गेलो. सिनेमा संपल्यावर पुण्याहून आलेल्या एका बाईंनी फार आस्थेनं विचारलं, प्रत्येक प्रसंगावर लोंबकळणारी ती फळं म्हणजे कुटुंबावरच्या कालचक्राचं प्रतीक आहे का? आणि दोन भाऊ पुन्हा पुन्हा एकमेकांना जेवलास का म्हणून विचारतात, त्या पुनरावृत्तीमागे काय विचार आहे? ह्यानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं, "माटोळी पाच दिवस सोडता येत नाही, मॅडम."  दुसऱ्याचं एवढंच, "ते माझे भाऊ आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते उत्तर फार खोल वाटलं. मला तेव्हा त्यातलं थोडं ठाऊक होतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गावातल्या लोकांचंही तेच म्हणणं होतं, फक्त आस्था कमी. "तुझ्या पिक्चरात काय घडणाच नाय रे. दोघे भाव बसतत, जेवलंस काय विचारतत, उठतत."

"तुझ्या घरात ह्यापरस जास्ती काय घडता?" डायरेक्टर विचारायचा. 

आता त्या भावांचं सांगतो. थोरल्याला ते दादा म्हणायचे आणि मधल्याला भाऊ. दादा शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात उभा राहिला, तरी तो रोज सकाळी तो ट्रक धुवायचा. मी कामाला निघताना त्याला रस्त्यावरून बघायचो. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, मनात काही न ठेवणारा. भाऊ वास्कोला बंदरात नोकरीला, बारीक, अबोल, इस्त्रीचे कपडे घालणारा. त्यांची आई चोपड्याच्या घरात गेली. शेवटचे दोन दिवस ती भाऊचं नाव घेत होती. दादानं निरोपावर निरोप धाडले. भाऊ पोचला तेव्हा आई नव्हती. बाराव्याला, जेवणावळ उठता उठता, दादाच्या तोंडून सगळ्यांसमोर गेलं, "तू वेळेर येतंस तर आवय सुखान गेली असती." भाऊनं ताटावरून हात उचलला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

तरी चवथीला दोघंही यायचे. गणपती एकच, न येऊन सांगतात कुणाला? एका माटोळीखाली उभे राहून दोघं आरती म्हणायचे, एकाच्या हातात घंटा, दुसऱ्याच्या हातात झांज, ताल कुठं चुकायचा नाही. पण आरती संपली की, "तेका सांग, समयेत तेल घाल." तो 'तेका' हातभर अंतरावर उभा असायचा. अधल्यामधल्या माणसानं ते वाक्य उचलून पलीकडे पोचवायचं. घरातली पोरंटोरंसुद्धा या कामात इतकी तरबेज झाली होती की कुणी सांगायच्या आतच निरोप पोचायचा.

डायरेक्टरनं तिसऱ्या का चौथ्या सिनेमात या दोघांना भावांचीच कामं दिली. मला वाटलं, आता ह्याचं दिग्दर्शन संपलं. पण दोघंही हो म्हणाले. दादा म्हणाला, "तो करता तर मी करतंय." भाऊ म्हणाला, "मी नाय म्हणूचंय नाय." नाही म्हणणारा पहिला आपण व्हायला नको, एवढंच दोघांच्या मनात होतं. प्रसंग साधा होता. धाकटा बाहेरून येतो, थोरला पायरीवर बसलेला आहे. मी कॅमेरा लावला. ह्यानं "ॲक्शन" म्हटलं. भाऊ आला. दादानं मान वर केली आणि विचारलं, "जेवलंस?"

स्वयंपाकघरात खोबरं किसण्याचा आवाज थांबला.

"जेवलंय," भाऊ म्हणाला. "तू?"

"जेवलंय."

"कट," डायरेक्टर म्हणाला. दोघांनी तत्क्षणी तोंडं फिरवली. जणू कुणी दिवा मालवला. मी बघितलं, चित्र नीट आलं होतं, आवाज नीट होता, पावसानंही कधी नव्हे ती दया केली होती. "बरां आयलां," मी म्हणालो.

"वन मोर."

पुन्हा जेवलंस, जेवलंय, तू, जेवलंय. पुन्हा कट. पुन्हा वन मोर. दुपारभर तेवढंच. मी मनातल्या मनात ह्याला शिव्या घातल्या. कधी म्हणे भाव आला नाही, कधी म्हणे माशी बसली, कधी काहीच कारण नाही. कधीतरी मी चष्मा पुसायला मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात थोरली वयनी, म्हणजे दादाची बायको, हातात किसणी घेऊन उभी होती आणि रडत होती. तेव्हा कुठं माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. ॲक्शन आणि कट यांच्यामध्ये ते दोघं भाऊ होते. ह्यानं ते अंतर ताणून ताणून दुपारएवढं केलं होतं.

मग तोच धंदा झाला. दरवर्षी गोष्ट कुठलीही असो, दोन भावांचा प्रसंग असायचाच, आणि तो दरवर्षी लांबत गेला. संवाद तो असे लिहायचा की वाचताना हसू यावं. "दादा, बीपीची गोळी घेतंस मां?" "घेतंय. तुझो गुडघो कसो आसा?" सिनेमातल्या भावाला बीपी असल्याचं प्रेक्षकांना आधी कुणी सांगितलेलं नसायचं. पुढे पुढे तर दोघं कागदाबाहेर जाऊ लागले. एका वर्षी भाऊनं मधूनच विचारलं, "ट्रकाचां काय करतलंस?" ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. दादा म्हणाला, "धुतंय. आणि काय करतलंय?" भाऊ हसला. दादाही हसला. मी डायरेक्टरकडे पाहिलं. त्यानं कट म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं होतं.

कट म्हटल्यावर मात्र पुन्हा "तेका सांग". मी एकदा त्याला विचारलं, अरे, एकदा दोघांना समोर बसवून मिटवून का टाकत नाहीस? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही गावंढळपणा केला होता. "मिटवूक बसले तर भांडतले," तो म्हणाला. "हय निदान संवाद पाठ आसत."

एका सकाळी ट्रक धुता धुता दादा अंगणातच कोसळला. हृदय. डॉक्टरपर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही. भाऊ वास्कोहून आला, खांदा दिला, आणि बाराव्याच्या पानावर जेवला नाही.  त्या वर्षी चवथ केली ती नेमापुरती. माटोळीला चार फळं, आरत्या हळू आवाजात, कॅमेरा कपाटात. मी भेटायला गेलो होतो. डायरेक्टर पडवीत बसून चादरीची घडी घालत होता. घातलेली मोडून पुन्हा घालत होता. मला त्याची फार कणव आली, आणि आपल्याला ती दाखवता येत नाही याचा रागही आला. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

त्याच्या पुढच्या वर्षी भाऊनं गणपती आणतानाच सांगून टाकलं, "ह्यां शेवटचां वर्स. फुडल्या वर्सा माझो गणपती वास्कोक." आमच्याकडे गणपती वेगळा करणं म्हणजे चूल वेगळी करण्याच्या पुढची पायरी. एकदा मूर्ती वेगळी झाली की त्या घरात परत यायला कारणच उरत नाही.   दादा नाही, मग यायचं तरी कुणाशी अबोला धरायला? डायरेक्टर एवढंच म्हणाला, "बरां. पण एक सीन दी माका. मगे जा."

तिसऱ्या दिवशी मी गेलो. सीन असा होता: सिनेमातला थोरला भाऊ लंडनला गेलेला आहे. धाकटा त्याला फोन लावतो. संवाद तीनच वाक्यांचा. दादा, कसो आसंस. हय सगळी बरी आसत. चवथ बरी झाली. माटोळी पुन्हा भरगच्च बांधली होती, खाली भाऊ खुर्चीवर बसला, इस्त्रीचा शर्ट, हातात बंद पडलेला जुना मोबाइल. घरातली झाडून सगळी भिंतींना टेकून उभी राहिली. डायरेक्टर माझ्या बाजूला.

"ॲक्शन."

भाऊनं फोन कानाला लावला. "दादा," तो म्हणाला, आणि कागदावरचं विसरला. "जेवलंस?"

मग त्यानं वाट पाहिली. माणूस समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो तेवढीच.

"मी पण जेवलंय," तो म्हणाला.  कॅमेऱ्यातून मला त्याचा अंगठा दिसत होता, फोनच्या पाठीवरून घासत होता. "दादा, मी वेळेर येवक नाय, तां खरां. निरोप मेळलो होतो माका. सगळे मेळले होते. मी बसस्टॅंडार जावन बसलेलंय. एक बस गेली, दुसरी गेली. आवयक तशी बघूक माका भंय दिसलो, दादा. तां मी कोणाक सांगूक नाय. तुका सांगतंय."

 मी डायरेक्टरकडे पाहण्याचं धाडस केलं नाही. भाऊ कान देऊन ऐकत होता, मध्ये मध्ये मान हलवत होता, दादा पलीकडून मोठ्यानं बोलत असला की हलवायचा तशी.

"हां... हां. नाय, तू कित्याक वायट मानून घेतंस? बोललंस तां सोपलां... हां. गुडघो? बरो आसा, बरो आसा." तो किंचित हसला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "नाय... तसां नाय, दादा. वास्कोक म्हणजे... हां. बरां. नाय नेणंय. तू सांगतंस म्हणान. मूर्त हयच रवतली."

थोरली वयनी भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. ती उठली.

मी वाट बघत होतो, आता हा कट म्हणेल. तेवढ्यात भाऊनं फोन कानावरून काढला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, डायरेक्टरकडे, हात लांब करून धरला.

"घे," तो म्हणाला. "दादा तुका विचारता."

एवढी वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं. त्याला गोंधळलेला कधी बघितला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग पांढरी चादर माझ्या खांद्यावर टाकून तो चालत गेला आणि माटोळीखाली, माझ्या चौकटीत, पहिल्यांदा येऊन उभा राहिला. फोन कानाला लावला.  खाकरून म्हणाला, "हां, दादा. शूटिंग चालू आसा." आणि तिथंच, गणपतीच्या पायांशी, सगळ्यांसमोर, तो हमसून हमसून रडू लागला. लंडनला गेलेल्या माणसासाठी तेवढं रडणं चालायचंच.

मी कॅमेरा बंद केला नाही. कट म्हणणारा माणूस चौकटीत होता, आणि थोरली वयनी पदराला हात पुसत आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.